मालकाची साक्ष

बजाज ऑटोची ‘अ‍ॅव्हेंजर’ ही मोटारसायकल २००५ साली बाजारात आली आणि पुढे काही वर्षे ‘फील लाइक गॉड’ या तीन शब्दांनी ओळखली गेली. जाहिरातीचे वाक्य तर्काच्या कसाला लावू नये, असे शहाणे लोक सांगतात. एरवी ते खरेच. पण हे वाक्य तितक्या सहज सोडून देता येत नाही. गाडी चालवताना माणसाला काहीतरी विशेष वाटते, त्या वाटण्याला काही एक उंची आहे, आणि ज्याला ते वाटले तो ते इतरांना सांगू शकतो, एवढे सगळे त्यात गृहीत धरलेले आहे. यातले शेवटचे गृहीतक सर्वात नाजूक. दुसऱ्याला आलेल्या अनुभवावर मी विसंबायचे ते कशाच्या बळावर? धर्माचा निम्म्याहून अधिक डोलारा याच प्रश्नावर उभा आहे, कारण देव पाहिलेले थोडे आणि पाहिलेल्यांवर विश्वास ठेवणारे फार. लाख-दीड लाखाची गाडी घ्यायला निघालेल्या माणसापुढेही तोच प्रश्न असतो, फक्त तो त्याला तत्त्वज्ञानाचा वाटत नाही. माझे म्हणणे असे की मालकाची साक्ष जशी तपासावी लागते तशीच साधकाची साक्षही तपासावी लागते; आणि ती नीट तपासली तर आपल्या परंपरेने वैराग्यावर एवढा भर का दिला, याचे एक असे कारण हाती लागते ज्याचा नीतीपेक्षा ज्ञानाशी जवळचा संबंध आहे.

आधी आकडे घेऊ. बीएस-६ मानकांनंतरच्या ‘अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२०’ या गाडीचे इंजिन एका सिलिंडरचे, २२० सीसीचे, तेलाने थंड होणारे. मिनिटाला ८५०० फेरे झाले की १९.०३ पीएस ताकद, ७००० फेऱ्यांना १७.५५ न्यूटन-मीटर टॉर्क, पाच गिअर, टाकी १३ लिटरची. वजन १६३ किलो, सीटची उंची ७३७ मिलिमीटर, दोन चाकांमधले अंतर १४९० मिलिमीटर, जमिनीपासूनची उंची १६९ मिलिमीटर. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, मागच्याला ड्रम. स्पोकची चाके, म्हणून टायरमध्ये ट्यूब. आता मालक काय सांगतात ते पाहा. बुटक्या माणसाचेही दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतात, त्यामुळे सिग्नलला धास्ती वाटत नाही. हायवेवर ऐंशीच्या आसपास गाडी संथ, न थकवता चालत राहते. शंभराकडे न्यायला गेले की हँडल आणि फूटपेग थरथरू लागतात. अरुंद गल्लीत एका दमात वळवता येत नाही. खड्डा आला की दणका थेट माकडहाडाला बसतो. आडरस्त्याला पंक्चर झाले की ट्यूब काढून बसण्यावाचून इलाज नाही. पहिली यादी कोणाचीच नाही, दुसरी कोणाची तरी आहे, असे ऐकताक्षणी वाटते. पहिलीला आपण ‘माहिती’ म्हणतो, दुसरीला ‘मत’. पहिलीवर कोणी हरकत घेत नाही. दुसरीवर ‘ज्याचा त्याचा अनुभव’ म्हणून खांदे उडवले जातात. ही वाटणी जितकी पक्की दिसते तितकी ती नाही.

न्यायशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही याद्या शब्दप्रमाणच आहेत, म्हणजे दुसऱ्याच्या शब्दावर मानलेल्या. एकोणीस पीएस मी पाहिलेले नाहीत. कंपनीने सांगितले, मी मानले. आणि सांगताना तिने काही अटी मनात धरल्या होत्या, ज्या तक्त्याच्या रकान्यात मावत नाहीत. ताकद मोजतात ती इंजिन बाकावर बसवून, क्रँकशाफ्टपाशी; गिअरबॉक्स आणि साखळी ओलांडून मागच्या चाकापर्यंत पोचते ती त्याहून कमी. साडेआठ हजार फेरे म्हणजे इंजिन पार ताणलेले, आणि क्रूझरचा मालक तिथे क्वचितच जातो. म्हणजे तक्त्यातला पहिलाच आकडा अशा अवस्थेचा आहे जी त्याच्या वाट्याला जवळजवळ येत नाही. जमिनीपासूनची उंची सहसा रिकाम्या गाडीची सांगतात. नवरा-बायको आणि एक बॅग चढली की स्प्रिंग दबते आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतले गतिरोधक खालून घासू लागतात. पेट्रोलच्या अ‍ॅव्हरेजचे तर विचारूच नये. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाच्या आराखड्यानुसार निघतो. त्यात ना सिंहगड रस्ता असतो ना जुलैतला पाऊस. याचा अर्थ आकडे खोटे असतात असा मुळीच नाही. ते अटींसह खरे असतात, आणि अटी गाळून छापले जातात. जैन तार्किक प्रत्येक विधानाआधी ‘स्यात्’ लावायला सांगत, म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने हे असे आहे, ही जाणीव ठेवायला सांगत. तो ‘स्यात्’ कंपनीच्या तक्त्याला जितका लागतो तितकाच मालकाच्या तक्रारीला लागतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. आकड्याच्या अटी निदान सांगता येतात, पण ‘आरामशीर’ या शब्दाच्या अटी कोण सांगणार? पाच फूट दोन इंचाच्या माणसाला जे सिंहासन ते सहा फुटी माणसाला पाटावर बसणे. म्हणून आराम हा माणसाच्या डोक्यात, आणि गाडीत फक्त मिलिमीटर. जॉन लॉकने १६९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वस्तूचे गुण असेच दोन गटांत वाटले होते: आकार, संख्या, गती हे वस्तूत खरोखर असलेले, रंग, चव, गंध हे पाहणाऱ्या-चाखणाऱ्यात उमटणारे. हे वाटप युरोपच्या विज्ञानाला फार सोयीचे ठरले आणि आपणही ते शाळेत नकळत गिळले. पण वैशेषिक दर्शनाच्या पंडितांकडे याहून बारीक हत्यार आहे. त्यांनी मानलेल्या चोवीस गुणांमध्ये रूप, रस, गंध यांच्या जोडीला ‘संयोग’ही आहे, आणि संयोग एका द्रव्यात राहत नाही, दोघांत मिळून राहतो. हात आणि टेबल यांचा स्पर्श हाताचा की टेबलाचा, हा प्रश्नच चुकीचा. मला वाटते आरामाचे हेच आहे. तो सीटमध्ये नाही आणि पाठीतही नाही. ७३७ मिलिमीटरची सीट आणि विशिष्ट लांबीचे पाय यांच्या मेळात आहे. दोघांत राहणारी गोष्ट खोटी ठरत नाही. उलट दोन्ही बाजू कळल्या तर ती आधीच सांगता येते: पायांची लांबी सांगा, तळवे सपाट टेकतील की नाही हे गाडी न पाहता सांगतो.

याला दुजोरा देणारी एक गंमत खुद्द बजाजच्याच घरात आहे. अ‍ॅव्हेंजर २२० चे इंजिन पल्सर २२० च्या कुळातले. पल्सर २२० एफ साधारण २०.४ पीएसची, वजन १६० किलो. म्हणजे ताकद आणि वजन यांत नाव घेण्याजोगा फरक नाही. तरी दोन्ही गाड्यांचे मालक दोन वेगळ्या जातीच्या प्राण्यांविषयी बोलत असल्यासारखे बोलतात. एकाच्या बोलण्यात पिकअप, ओव्हरटेक, घाट. दुसऱ्याच्या बोलण्यात संथपणा, दिवसभराचा प्रवास, मनाची शांती. कारण हवेत नाही. पल्सरची सीट ७९५ मिलिमीटरवर आणि चाकांमधले अंतर १३५० मिलिमीटर. अ‍ॅव्हेंजरची सीट जवळजवळ सहा सेंटिमीटर खाली आणि चाके चौदा सेंटिमीटरने लांब. फूटपेग शरीराच्या खाली असले की खड्ड्यापूर्वी माणूस नकळत पायांवर भार घेऊन बूड उचलतो. अ‍ॅव्हेंजरप्रमाणे ते पुढे सरकवले की पायांवर उभे राहताच येत नाही, सगळा भार बैठकीवर येतो आणि दणका कण्याच्या तळाला जातो. म्हणजे ‘पाठ दुखते’ हे वाक्य आळशी माणसाची कुरकुर नाही. ती फूटपेगच्या जागेविषयीची, शरीराने लिहिलेली नोंद आहे. हार्ले-डेव्हिडसनने तर यापुढची मजल मारली. सिलिंडरांमधला ४५ अंशांचा कोन आणि दोन्ही पिस्टनांना मिळून एकच क्रँकपिन, यामुळे तिच्या इंजिनातले स्फोट समान अंतराने होत नाहीत, ३१५ आणि ४०५ अंशांनी होतात, आणि त्यातून तो लंगडत चालल्यासारखा ठेका निघतो. कंपनीने १९९४ साली त्या आवाजाचीच व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मागितली. प्रतिस्पर्ध्यांनी विरोध केला आणि २००० साली अर्ज मागे घेण्यात आला. जी गोष्ट निव्वळ ऐकणाऱ्याच्या मनात असते तिच्यासाठी कोणी सहा वर्षे वकील लावत नाही.

तेव्हा अनुभव हा आकड्यापेक्षा हलक्या प्रतीचा पुरावा आहे, हे सोडून देऊ. याचा अर्थ मालक जे जे म्हणेल ते मानावे असा नाही, आणि खरी अडचण इथे सुरू होते. गौतमाच्या न्यायसूत्रांत शब्दप्रमाणाची व्याख्या ‘आप्ताचा उपदेश’ अशी आहे, आणि आप्त कोणाला म्हणायचे हे भाष्यकार वात्स्यायनाने उलगडून सांगितले. ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो जे म्हणतो ते आजही धक्का देणारे आहे: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांना सारखेच लागू आहे. जन्म, वर्ण, पोशाख यांचा संबंध नाही; जाणले आहे का आणि प्रामाणिकपणे सांगायचे आहे का, एवढेच पाहायचे. ही व्याख्या गाडीच्या बाजारात आणली की साक्षीदारांची फळी लगेच उघडी पडते. कंपनीला गाडीची खडान्‌खडा माहिती असते, पण तिला विकायचे असते. मासिकासाठी चाचणी घेणाऱ्याला विकायचे नसते, पण त्याच्याकडे गाडी थोडे दिवस राहते. तिसऱ्या वर्षी क्लच प्लेट किती खर्च काढते हे त्याने जाणलेले नसते. मालकाने ते जाणलेले असते. पहिल्या अटीत त्याच्यासारखा साक्षीदार नाही. दुसऱ्या अटीत मात्र त्याच्यासारखा लंगडा साक्षीदार नाही, कारण गाडी त्याची आहे. घरच्यांशी वाद घालून, हप्ते बांधून घेतलेली वस्तू वाईट निघाली असे म्हणणे म्हणजे आपला निर्णय वाईट होता असे चारचौघांत कबूल करणे. ज्या मालकीमुळे तो साक्षीदार झाला तीच मालकी त्याची साक्ष बिघडवते.

चार्वाकाचा मार्ग इथे सोपा दिसतो. कोणाचे ऐकू नका, टेस्ट राइड घ्या, प्रत्यक्ष एवढेच प्रमाण. पण शोरूमभोवतीच्या दहा मिनिटांत नेमके तेच कळत नाही जे कळायला हवे. सहा तासांनी पाठ काय म्हणेल, हे दहा मिनिटांचे प्रत्यक्ष सांगू शकत नाही, आणि सहा तासांचे प्रत्यक्ष गाडी विकत घेतल्यावरच मिळते, म्हणजे चौकशीची गरज संपल्यावर. दिङ्‌नागाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. या बौद्ध तार्किकाने प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानली. कोणाच्या शब्दावर आपण विश्वास ठेवतो तेव्हा तो माणूस भरवशाचा आहे असे काही खुणांवरून अनुमान करतो, म्हणून शब्द हे वेगळे प्रमाण नव्हे. हे मला मान्य करायला अडचण वाटत नाही. नैयायिक रागावतील, पण आपल्या कामाला दिङ्‌नागच उपयोगी आहे, कारण तो खुणा शोधायला लावतो. आप्त माणूस कपाळावर शिक्का मारून येत नाही. एकच माणूस एका वाक्यात आप्त आणि पुढच्या वाक्यात अनाप्त असू शकतो. ‘दोनशे किलोमीटरनंतर मला उतरावेच लागते’ हे सांगणारा मालक आप्त आहे. ‘या किमतीत देशात दुसरी गाडी नाही’ हे सांगणारा तोच मालक आप्त नाही, कारण देशातल्या दुसऱ्या गाड्या त्याने जाणलेल्या नाहीत, आणि तसे असावे ही त्याची गरज आहे. खूण अशी धरता येईल: वाक्य जितके सांगणाऱ्याच्या सोयीविरुद्ध जाते आणि जितके अटींसह येते, तितके ते धरून चालावे.

एक मालक चुकेल, हजार कसे चुकतील, हा पुढचा आक्षेप. संख्येचा हा मोह धर्मातही फार जुना आहे. पण हजार साक्षींनी चूक पुसली जाते ती चुका वेगवेगळ्या दिशांच्या असतील तर. सगळ्यांचा कल एकाच बाजूला असेल तर हजार साक्षी मिळून एकच साक्ष होते, फक्त मोठ्या आवाजात. हार्लेच्या मालकांचा ‘हार्ले ओनर्स ग्रुप’ १९८३ साली निघाला. त्याच्या शाखा आहेत, मेळावे आहेत, जाकिटावर मिरवायची चिन्हे आहेत, नवागताला जुन्यांनी सामावून घेण्याची रीत आहे. अशा मंडळात नव्या मालकाला काय वाटायला हवे हे त्याला गाडी चालवण्याआधीच ठाऊक असते, आणि मग ते वाटतेही. याला संप्रदाय म्हणायला मी कचरणार नाही, आणि त्यात निंदा नाही. दुसरी खोच याहून गंभीर. मालकांना विचारायला जातो तेव्हा आपल्याला फक्त आजचे मालक भेटतात. ज्यांना गाडी झेपली नाही ते ती विकून केव्हाच गर्दीतून निघून गेलेले असतात. देवळात नवस फेडायला आलेला दिसतो, त्याने बांधलेली घंटा दिसते, पाळणा दिसतो. ज्याचा नवस फळला नाही तो काही बांधायला येत नाही. सिसेरोने डायागोरास या ग्रीक नास्तिकाची गोष्ट सांगितली आहे: वादळातून वाचलेल्यांनी देवाला वाहिलेली चित्रे त्याला दाखवली, तेव्हा त्याने नवस बोलूनही बुडाले त्यांची चित्रे कुठे आहेत असे विचारले. हा प्रश्न नास्तिकापुरता ठेवायचे कारण नाही. श्रद्धावंतालाच तो अधिक लागतो, कारण त्याला पुढे त्याच वाटेने जायचे आहे.

राजस्थानात पालीजवळ, जोधपूरच्या रस्त्यावर, ओम बन्ना या तरुणाच्या स्थानी एका बुलेटची पूजा होते. त्याचा तिथे अपघाती मृत्यू झाला. पोलिसांनी ठाण्यात नेलेली गाडी आपोआप अपघाताच्या जागी परत आली, अशी कथा. येणारे-जाणारे चालक तिथे थांबतात, हात जोडतात. इथे दोन प्रकारची वाक्ये एकमेकांत मिसळलेली आहेत. ‘इथे थांबलो की पुढचा रस्ता जपून चालवला जातो’ असे एखादा ट्रकचालक म्हणाला तर तो स्वतःविषयी, स्वतः जाणलेले बोलतो आहे. माझ्या लेखी तो आप्त. ‘गाडी रात्री आपणहून आली’ हे सांगणारा बहुतेक वेळा ऐकीव सांगतो. डेव्हिड ह्यूमने १७४८ साली चमत्कारांवरच्या प्रकरणात याला कडक मोजमाप लावले: घडलेल्या गोष्टीपेक्षा साक्ष खोटी असणे अधिक अद्भुत ठरेल तरच साक्ष मानावी. ह्यूम बरोबर आहे, पण त्याचे मोजमाप दुसऱ्या वाक्यापुरते. पहिले वाक्य त्याच्या तराजूत बसतच नाही, आणि धर्मात जे टिकाऊ आहे ते बहुतेक पहिल्या प्रकारचे असते. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालणारा मेकॅनिक गाडी देव आहे असे सांगत नसतो.

ममत्वाने साक्ष बिघडते म्हटले की कोणीतरी रास्त शंका काढतो: प्रेम नसेल तर दिसेल तरी काय? साखळी किंचित सैल झाल्याचा आवाज मालकालाच आधी ऐकू येतो, भाड्याने घेऊन चालवणाऱ्याला नाही. हे खरे आहे, आणि मी ते पूर्ण मान्य करतो. ममत्व नजर तीक्ष्ण करते. पण वात्स्यायनाच्या व्याख्येत जाणणे आणि सांगण्याची इच्छा या दोन वेगळ्या अटी आहेत, त्या उगाच नाहीत. ममत्व पहिलीला मदत करते आणि दुसरीला अडवते. तोच मालक साखळीचा आवाज ऐकतो, मुकाट्याने घट्ट करून घेतो, आणि विचारणाऱ्याला ‘गाडीला काही त्रास नाही’ म्हणून सांगतो. तो खोटे बोलत नाही. त्रास त्याच्या हिशेबात धरलेलाच नसतो. म्हणून हवा असा साक्षीदार, ज्याने मालकाइतके जाणले आहे पण ज्याला त्या वस्तूकडून आता काही नको आहे.

तैत्तिरीय उपनिषदात आनंदाची मोजदाद केलेली आहे, आणि तिची मांडणी एखाद्या तांत्रिक तक्त्यालाही लाजवील अशी काटेकोर आहे. आधी एकक ठरवले आहे. एक तरुण घ्यायचा: सज्जन, शिकलेला, चपळ, धडधाकट, बलवान, आणि संपत्तीने भरलेली सगळी पृथ्वी त्याची. त्याचा आनंद म्हणजे मानवी आनंदाचे एक माप. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वाचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वाचा, असे पितर, देवांचे वेगवेगळे वर्ग, इंद्र, बृहस्पती, प्रजापती करत शेवटी ब्रह्माचा. दहा वेळा शंभरने गुणायचे. एकावर वीस शून्ये. मोटारसायकलीच्या जाहिरातीतला नायक आठवा: तरुण, देखणा, दणकट, खिशात पैसा, पुढे रिकामा रस्ता. उपनिषदाने नेमका हाच माणूस निवडला आहे आणि त्याला सर्वात खालच्या पायरीवर ठेवला आहे. ‘फील लाइक गॉड’ म्हणणाऱ्यांचा हिशेब वीस शून्यांनी चुकला, असे गमतीने म्हणता येईल. पण मला त्या मोजणीतले दुसरे एक वैशिष्ट्य जास्त मोलाचे वाटते. मनुष्याच्या वरच्या प्रत्येक पायरीवर उपनिषद पुन्हा पुन्हा जोडते की तोच आनंद कामनेने घायाळ न झालेल्या श्रोत्रियाचाही आहे. श्रोत्रिय म्हणजे ज्याने वेद जाणला आहे. अकामहत म्हणजे ज्याला आता हाव नाही. वात्स्यायनाच्या आप्ताच्या दोन अटींशेजारी या दोन अटी ठेवून पाहाव्यात. एका ग्रंथाने दुसऱ्यावरून उचलले असे मी सुचवत नाही. दोघांचे प्रश्नही वेगळे आहेत. पण आनंद पुरता भोगू शकणारा आणि पुरावा म्हणून ज्याचे ऐकावे असा, हे दोघे एकाच माणसात भेटतात, हे निव्वळ योगायोगाचे लक्षण वाटत नाही. अकामहत म्हणजे अनुभव न घेणारा नव्हे. तो अनुभव घेतो. त्या अनुभवाकडून त्याला स्वतःच्या निर्णयाचे समर्थन नको असते, म्हणून तो त्याचे माप सांगू शकतो. वैराग्याला आपण सहसा भोगाचा शत्रू समजतो. माझ्या मते ती साक्षीदाराची पात्रता आहे.

शेवटचा आक्षेप धर्माच्या बाजूने येतो. गाडीमागे निदान तक्ता असतो, पाठीच्या दुखण्याचा धागा फूटपेगपर्यंत नेता येतो. ईश्वराचा तक्ता कोण छापणार? मग साधकाची साक्ष कशाशी ताडून पाहायची? खरे आहे, तिथे मिलिमीटर नाहीत. पण साधना करणारे शरीर, मन, दिवस, वर्षे ही असतात, आणि त्यांच्याविषयी साधक जे सांगतो ते ताडता येते. तुकारामांचे अभंग आज साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही विश्वसनीय वाटतात, याचे एक कारण त्यांत देव भेटल्याचा आनंद आहे हे असेल. पण त्याहून मोठे कारण असे की त्यांत न भेटल्याचा तळतळाट, दुष्काळात उद्ध्वस्त झालेला संसार, मनाची चंचलता, लोकांनी केलेली स्तुती न सोसणे, हे सारे झाकून ठेवलेले नाही. जो साक्षीदार आपल्या वाटेवरचे कोरडे पट्टे मोजून दाखवतो, त्याने ओलाव्याविषयी सांगितलेले मानायला आधार मिळतो. रामदासांनी शास्त्र, गुरू आणि स्वतः, या तिन्ही प्रचीतींचा मेळ मागितला तोही याच सावधपणातून: कोणतीही एक साक्ष एकटी सोडू नये. उलट ज्या बाबांच्या मठात प्रत्येक भक्ताचा प्रत्येक अनुभव गोड असतो, कोणाला कधी काही खुपलेले नसते आणि सोडून गेलेल्यांचे नाव काढले जात नाही, तिथे साक्षींचा ढीग कितीही उंच असो, त्याचे वजन फार नाही.

गाडी सोडून गेलेल्या मालकाचे मोल यातूनच ठरते. तोही निर्मळ असेल असे नाही. एखाद्याच्या मनात राग राहतो, एखाद्याच्या मनात जुन्या गाडीचा गोडवा साचतो, आणि दोन्हींमुळे साक्ष वाकडी होते. पण सौदा संपलेला असतो, हप्ते फिटलेले असतात, निर्णय बरोबर ठरवण्याची घाई उरलेली नसते. अकामहतपणाच्या जितके जवळ बाजारात जाता येते तितके तो गेलेला असतो. तेव्हा सेकंडहँड अ‍ॅव्हेंजर पाहायला जाणाऱ्यांनी विकणाऱ्याला किंमत विचारावी आणि सध्याच्या मालकांचे कौतुक मन लावून ऐकावे, पण पैसे मोजण्याआधी दोन-तीन वर्षांपूर्वी जिने किंवा ज्याने ती विकली असे कोणी ओळखीत आहे का ते शोधावे, त्यांची उंची विचारावी, रोजचा रस्ता विचारावा, मागे कोण बसत होते ते विचारावे, आणि मग का विकली ते. दीक्षा घ्यायला निघालेल्यांनाही माझे हेच सांगणे आहे: मठातल्यांशी बोला, आणि मठ सोडलेल्यांना गाठल्याखेरीज गुरू करू नका.